वापरात नसलेली सुरी

बलभीम कंडक्टरच्या घरात लहानमोठ्या एकेचाळीस सुऱ्या होत्या आणि कांदा चिरायला एकही नव्हती. दुसरा कुणी असता तर हे लपवलं असतं. बलभीम आल्यागेल्याला स्वतःच सांगायचा, आणि सांगताना मिशीवरून हात फिरवायचा. आता अशा माणसाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर. मुक्कामाच्या गाड्या हा मुद्दाम मागून घ्यायचा. बाकीचे लोक मुक्कामाला पोचले की भाकरी खाऊन आडवे व्हायचे, आणि हा गडी बाजारात सुऱ्या हुडकत हिंडायचा. गुलबर्ग्याचा शिंगाच्या मुठीचा जंबिया, बसवकल्याणच्या लोहारानं ट्रकच्या कमानपाट्यातून घडवलेला सुरा, हैदराबादच्या जुन्या बाजारातला खटक्याचा चाकू, कुण्या रिटायर फौजीच्या सहा महिने मागं लागून मिळवलेला बहुकामी चाकू, ज्यात चमचासुद्धा होता. बदली होऊन नवीन ड्रायव्हर आला की त्याला पहिल्याच दिवशी कळायचं, की आपल्या कंडक्टरला तंबाखू नाही, दारू नाही, पण हे एक आहे.

अणदूरच्या घरी बैठकीत त्यानं काचेचं कपाट करून घेतलं होतं. आत लाल मखमल, प्रत्येक नगाला मापाची खाच, आणि खाचेखाली नंबर. मिटत्या चाकूंना कापडी पिशव्या होत्या. त्या शिवल्या होत्या त्याच्या बायकोनं, कमलबाईनं. शिवायला तेवढी चालली ती, वापरायला नाही.

कारण बलभीमचे नियम कडक. पात्याला बोट लावायचं नाही, घामानं गंज चढतो. दगडावर घासायची नाही, कारागिरानं दिली तीच खरी धार. आणि कापायचं तर काहीच नाही, कधीच नाही. वर्षातून एकदा खंडेनवमीला सगळे नग बाहेर निघायचे, कापसानं खोबरेल तेल लागायचं, हळदकुंकू, झेंडूचं फूल, की परत आत. किल्ली खंडोबाच्या फोटोमागं.

लग्नानंतर पहिल्या वर्षी कमलबाईनं एकदा विचारलं होतं, "अवो, एक बारकी सुरी द्या की सैपाकाला."

"अगं, ही काय कांदं चिरायची चीज हाय व्हय?" असं म्हणून तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

त्यानंतर तिनं मागितलं नाही. लोखंड कापायच्या करवतीचं एक तुटकं पान तिनं कुठूनतरी आणलं, एका टोकाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली आणि झाली तिची सुरी. बलभीम घरी असला की त्याच्या डोळ्यांदेखत ती त्या पानानं कांदा चिरायची. चिरायची कसली, चेंदा करायची. बलभीम समोर बसून आल्यागेल्याला म्हणायचा, "बघा, हिला आता पटलंय." बायकोनं मागणं सोडलं म्हणजे तिला पटलं, असं समजणारे नवरे आपल्याकडं काय थोडेथोडके आहेत?

या सगळ्या नगांत एक होती राणी. कपाटाच्या मधोमध, निळ्या म्यानात. दहा इंची पातं, आणि मुठीवर बिदरच्या कारागिरानं चांदीच्या तारेची वेल काढलेली. रणधीर जन्मला त्या साली बलभीमनं ती घेतली आणि तिथंच ठरवलं: पोराला हळद लागंल त्या दिवशी राणी त्याच्या हातात द्यायची. हळद लागली की नवरदेवानं टोकाला लिंबू खोचलेली सुरी हातात धरायची, लग्न लागेस्तोवर खाली ठेवायची नाही, म्हणजे नजर लागत नाही, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. लोक त्या दिवसापुरती कुणाचीतरी सुरी मागून आणतात. बलभीमची गोष्ट वेगळी. त्यानं त्या एका लिंबासाठी अठ्ठावीस वर्षं वाट बघितली होती.

आणि तो दिवस आला होता. रणधीर आता ढोकीच्या कारखान्यावर वेल्डर होता. लोहाऱ्याच्या हर्षालीशी त्याचं जमलं. बुधवारी हळद, गुरुवारी लग्न. रविवारी बलभीमनं स्वतःच्या हातानं राणी बाहेर काढली, पोराला म्हणाला, "धर जरा, कशी दिसती बघू," आणि डोळ्यात पाणी आलं म्हणून तोंड धुवायला मागं गेला. तो तोंड धुवून येईपर्यंत नवरदेवानं आरशासमोर राणी फिरवून रील केलं आणि टाकलंसुद्धा.

सोमवारी सकाळी पोलीस ठाण्याचे जमादार अण्णाराव मोटारसायकल लावून दारात उभे.

"कंडक्टर, तुमच्या पोराचं रील आमच्या साहेबांनी बघितलं," ते म्हणाले. "आजकाल पोरं कोयते नाचवत्यात, रील टाकत्यात, मंग आमालाच वरून झापत्यात. बघून जातो, पंचनामा करतो. पंच दोघं बोलवा."

पंच म्हणून शेजारचे तात्याराव गुरुजी आले आणि कोपऱ्यावरचा किराणावाला शिवकुमार आला. तात्याराव रिटायर होऊन दहा वर्षं झाली होती, पण गावात अजून त्यांच्या घड्याळावर घड्याळं लावत. घरात बुद्धाची तसबीर, सकाळ-संध्याकाळ पंचशील, आणि बोलणं एका शब्दाचं. येताना ते मोजायला शाळेतली लाकडी फूटपट्टी घेऊन आले. न सांगता, बरं का.

जमादारांनी काचेच्या कपाटासमोर उभं राहून टोपी काढली आणि डोकं खाजवलं. असलं काही त्यांनी बघितलं नव्हतं. बलभीमला वाटलं, झालं, माणूस भारावला.

गुरुजींनी राणीला पट्टी लावली. "दहा इंच, एक सूत वर."

"हेच की," जमादार म्हणाले. "असलं हत्यार उगीच घरात बाळगता येत न्हाय. घरकामाचं असंल, शेतीच्या कामाचं असंल तर गोष्ट येगळी. सांगा, हिचा वापर काय?"

हा प्रश्न बलभीमला कुणीतरी विचारावा म्हणून तो जन्मभर थांबला होता. छाती पुढं काढून म्हणाला, "वापर? साहेब, अठ्ठावीस वर्षांत हिनं पाण्याचा थेंब बघितला न्हाय!"

जमादारांचा पेन थांबला. माणूस वाईट नव्हता. गेल्या साली त्यांच्या पोरीचं लग्न झालं होतं, लग्नघरात काय हाल असतात हे त्यांना ठाऊक होतं. ते हळूच म्हणाले, "कंडक्टर, नीट ऐका. म्या काय इचारतो? घरकामाला वापरता ना? नारळ-बिरळ, भाजी-बिजी?"

"एकदाबी न्हाय."

"आन् ही बाकीची चाळीस?"

"एकाबी नगानं काय कापल्यालं न्हाय. लिहून घ्या तुमी. माझी सही घ्या."

"आबा..." रणधीर मागून पुटपुटला.

"तू गप रे. रील काढताना इचारलंस का मला?"

जमादारांनी पेनाला टोपण लावलं. "मग ऐका आता. कापायला न्हाय, सोलायला न्हाय, तर एका घरात एकेचाळीस सुऱ्या कशापायी, हे साहेब मला इचारणार. म्या काय सांगू? मला समदं पोत्यात भरून न्यावं लागंल. आन् पोराला जबाबाला यावं लागंल ठाण्यात. आज-उद्या, कधी सुटंल ते साहेबांच्या हातात."

परवा हळद. बाहेर मांडवाचे बांबू येऊन पडले होते. बलभीमच्या डोळ्यांपुढं पोतं आलं, पोत्यात राणी, तिच्यावर जंबिया, आणि ओल्या खोलीत वर्षानुवर्षं चढणारा गंज. पोरगं ठाण्याच्या बाकड्यावर बसलेलं दिसलं, तेही आलं डोळ्यांपुढं, पण खरं सांगायचं तर पोत्यानंतर. एकच शब्द बोलायचा होता: वापरतो. तो शब्द त्याच्या घशाच्या वर येईना. अहो, बत्तीस वर्षं ज्या माणसानं 'एकदाही नाही' हे सांगून गावात मान मिळवला, त्यानं आता चारचौघांत सांगायचं की राणीनं भाजी चिरतो? त्यापेक्षा पोतं बरं, असंही एक क्षण त्याच्या मनाला शिवून गेलं. असा हा माणूस.

तेवढ्यात आतून कमलबाई आली, ओले हात पदराला पुसत.

"जमादारसाहेब, वापरात हायत त्या. समद्या. म्या वापरते."

बलभीमला भरून आलं. जन्मात कधी खोटं न बोललेली ही बाई आपल्यासाठी पोलिसासमोर खोटं बोलती आहे! पण भरून आलं म्हणून त्याची अक्कल काही वाढली नाही. म्हणाला, "रणधीरच्या आई, तुझी माया कळती मला. पण खोटं बोलू नगंस. ह्या कंडक्टरनं जिंदगीत एक माणूस बिनतिकिटी नेला न्हाय, आन् आता खोट्यावर सुटायचं?"

"अवो, तुमी जरा गप बसता का?"

"न्हाय बसत. साहेब, तिचं काय लिहू नगा."

तात्याराव गुरुजींनी चष्मा नाकावर सरळ केला. "जमादार, माझं ऐका. मी पंच आहे. खोटं बोलणार नाही हे शील मी रोज घेतो, तेव्हा खोट्यावर सहीही करणार नाही. वहिनी म्हणतात वापरतात, बलभीमराव म्हणतात नाही. मी डोळ्यांनी बघेन आणि जे दिसेल त्यावर सही करेन."

"बघा! गुरुजी बोलले!" बलभीम आनंदानं म्हणाला. आपण कुणाच्या बाजूनं ओरडतोय याचं त्याला भान नव्हतं. रणधीरनं कपाळावर हात मारला.

"मंग बघा की," कमलबाई म्हणाली आणि आत जाऊन हळदीसाठी आणलेल्या सामानातलं एक लिंबू घेऊन आली. जमादारांच्या हातात दिलं. "राणीनं खोचून बघा. माझं बोलणं ऱ्हाऊ द्या."

जमादारांनी राणी म्यानातून काढली. बलभीमनं डोळे मिटले. अठ्ठावीस वर्षांची ती अस्पर्शित धार आज एका पोलिसाच्या हातानं बाटणार याचं दुःख झालंच, पण आतून गुदगुल्याही होत होत्या. लिंबू कसं लोण्यासारखं दुभंगणार आणि सगळ्यांची तोंडं कशी बघण्यासारखी होणार!

टुप् असा आवाज आला. त्यानं डोळे उघडले. लिंबू टोकावरून निसटून बाजेखाली गेलं होतं.

रणधीरनं ते काढून दिलं. जमादारांनी पाटावर ठेवून जोर लावला. लिंबाला खळगा पडला. आणखी जोर लावला तेव्हा लिंबू फुटलं खरं, पण कापून नाही, चेंगरून. रसाची चिळकांडी शिवकुमारच्या डोळ्यात गेली आणि तो 'आई आई' करत मोरीकडं पळाला.

"टोक मोडलंय," गुरुजी पात्याजवळ डोळा नेऊन म्हणाले. "धारेला खाचा आहेत. एक, दोन, तीन... सात." बलभीमला त्या दर खंडेनवमीला दिसायच्या, पण तो त्यांना कारागिराची खूण समजायचा.

"म्या नारळ फोडते हिनं," कमलबाई म्हणाली. "जड हाय. दोन घावांत फुटतो."

"नारळ?" बलभीम म्हणाला.

"आन् म्हशीच्या खुट्याला खिळं ठोकायचं असलं तर मुठीनं."

मग जमादारांनी एकेक नग काढायला सुरुवात केली आणि कमलबाई सांगत गेली. सात नंबरनं गूळ फोडते. बाराव्यानं तेलाच्या डब्याची झाकणं उचकटते. एकोणीस नंबर दूध करपलं की पातेलं खरवडायला, लई चांगला हाय तो, रुंद हाय. फौजीचा चाकू? त्यातला चमचा तेवढा काढून घेतला व्हता, रणधीर तान्हा असताना त्याला बाळगुटी द्यायला. तेवीस नंबर मोरी तुंबली की. जमादारांनी तेवीस नंबर नाकाला लावला होता, तो घाईनं खाली ठेवला. गुलबर्ग्याच्या जंबियाला मेथीचा वास येत होता. खटक्याच्या चाकूच्या सांध्यात गूळ बसून काळा पडला होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. गुरुजी खाचा मोजत होते, शाळा तपासणीला आल्यासारखे.

बलभीम भिंतीला टेकून खाली बसला.

"तुला ठाव होतं?" त्यानं पोराला विचारलं.

"आबा, शाळंत असताना पेन्सिलीला टोक म्या तीस नंबरनंच करायचो."

"काका, आमच्या दुकानाच्या चाव्या हरवल्या व्हत्या तवा काकूनं एक आणून दिली व्हती," शिवकुमार मोरीकडून डोळा चोळत आला. "त्या सुरीनंच शटरचं कुलूप उचकटलं. लई मजबूत चीज."

"गुरुजी, तुमाला बी?"

"कानावर होतं," गुरुजी म्हणाले. "पण ऐकीव गोष्टीवर सही होत नाही."

म्हणजे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. एक बलभीम सोडून. बत्तीस वर्षं हा गावाला सांगत होता आणि गाव मान डोलवत होतं. ते कौतुकानं नव्हे, हे त्याला आता कळत होतं. मुक्कामाच्या गाड्या मागून घेतल्या की असं होतं.

"अगं, पण ते करवतीचं पान?"

"ते तुमच्या म्होरं धरायला," कमलबाई म्हणाली. "तुमाला बरं वाटायचं ना."

जमादार खुशीत होते. भराभरा लिहीत होते. चाळीस नग झाले, आणि एक नंबरची पिशवी त्यांनी उलटी केली. आतून बोटभर लांबीचं कडब्याचं धाट पडलं.

"हे काय? चाकू कुठंय?"

बलभीम ताडकन उठला. एक नंबर! पिवळ्या मुठीचा बारका चाकू, त्याच्या संग्रहातला पहिला नग! "चोरी झाली, साहेब! खंडेनवमीला म्या माझ्या हातानं तेल लावलंय त्याला!"

"एक नग कमी भरतोय," जमादारांचा चेहरा परत उतरला. "आता ह्यो कुठं गेला, कुणाच्या हातात हाय, हे बघावंच लागंल. ही भानगड झाली."

कमलबाईनं भिंतीकडं तोंड केलं, कनवटीत हात घातला आणि वळून एक चाकू पाटावर ठेवला. पितळेची मूठ हातानं गुळगुळीत झालेली. पातं घासून घासून निम्मं राहिलेलं, पण त्याची कड उन्हात चमकत होती. जमादारांनी नवीन लिंबू घेतलं आणि चाकू नुसता टेकवला. दोन फाका दोन बाजूंना पडल्या.

"ह्यो रोजच्या कामाचा," ती म्हणाली. "पायरीच्या दगडावर धार लावते. खंडेनवमीला नेऊन ठेवते जाग्यावर. ह्यांचं तेल लावून झालं, ह्यांचा डोळा लागला की काढून घेते."

गेली काही वर्षं एक नंबरचं पातं जरा बारीक झाल्यासारखं बलभीमला दिसायचं. डोळ्यांत मोतीबिंदू आला असेल म्हणून तो सोलापूरला जाऊन डॉक्टरला दाखवून आला होता. डॉक्टर म्हणाला होता, डोळे ठणठणीत आहेत.

"म्हंजे चोरी तूच केलीस," तो म्हणाला.

तेव्हा कमलबाई पहिल्यांदा चिडली. जमादार, पंच, कुणाचाही मुलाहिजा न ठेवता म्हणाली, "चोरी? आठवा जरा. लगीन झालं त्या साली खंडोबाच्या जत्रंत कुणासाठी घेतला व्हता ह्यो चाकू? 'तुला घेतो' म्हणलात. म्या त्येनं एक पेरू कापला, आर्धा तुमाला दिला. वाटंनं तुमी म्हणलात, 'बघू बरं', आन् घातला खिशात. तो गेला तो गेलाच. माझा चाकू तुमी कपाटात घातलात आन् त्याच्या खाली एक नंबर लिहिलात. म्या फकस्त माझा परत घेतला."

बलभीमला जत्रा आठवली. चाकू आठवला, बाजूचा पाळणा आठवला. पेरूही आठवला, आतून गुलाबी होता. 'तुला घेतो' हे तेवढं त्यानं कुठं टाकलं होतं कुणास ठाऊक. इतकी वर्षं तो लोकांना सांगत आला होता की पहिला नग मी माझ्या हौसेनं घेतला.

पंचनामा झाला. 'सर्व एकेचाळीस नग घरगुती वापरातील असून पाती बहुतांशी बोथट व खाचा पडलेली, काहींवर गूळ व भाजीचे अवशेष मिळून आले.' गुरुजींनी दोनदा वाचलं, एका ठिकाणी 'मेथी' घालायला लावलं आणि सही केली. शिवकुमारनं केली. मग जमादारांनी कागद बलभीमपुढं सरकवला. त्याच्या जबाबात एकच ओळ होती: वरील सर्व वस्तू माझी पत्नी रोज घरकामात वापरते. बलभीमनं ती ओळ वाचली, राणीकडं बघितलं, पोराकडं बघितलं आणि सही केली. बत्तीस वर्षं तिकिटं फाडणारा हात, पण सही वाकडी आली. पोत्याची गरज पडली नाही. रील रणधीरनं जमादारांसमोरच काढून टाकलं.

त्या दिवशी बलभीम जेवला नाही. मंगळवारीही अर्धी भाकरी खाऊन उठला. लग्नघरात नवरीकडची मंडळी रुसतात, मानपानाला पाहुणे रुसतात. इथं नवरदेवाचा बाप सुऱ्यांपायी रुसला होता. मंगळवारी दुपारी कुणी नाही असं बघून त्यानं राणी पायरीच्या दगडावर घासून बघितली. धार कशी लावायची हे त्या माणसाला ठाऊकच नव्हतं. दहा मिनिटांत त्यानं चांदीच्या वेलीवर चार ओरखडे काढले आणि म्यानात घालून टाकली.

कमलबाई दारातून बघत होती. ती येऊन शेजारी बसली.

"राग आलाय व्हय?"

"यावा का न्हाय, तूच सांग."

"मला बी यायचा," ती म्हणाली. "पोराला ताप, म्हस अडलेली, दारात माणूस न्हाय, आन् घरात एकेचाळीस सुऱ्या. तुमी गुलबर्ग्याला. तवा राग यायचा लई. मंग म्या राणी काढायचे आन् नारळ फोडायचे. लई बरं वाटायचं."

"खोबऱ्यासाठी फोडायचीस का रागानं?"

"आधी रागानं. मंग चटणी करायचे."

बलभीमला हसायचं नव्हतं, पण ओठ हलले. या बाईनं इतकी वर्षं एकटीनं काढली, आणि आपण कपाटाच्या काचा पुसत बसलो, हे त्याला एवढ्या सरळ कधी कळलं नव्हतं. 'चहा कर' म्हणाला, आणि मग स्वतःच उठून चहा टाकायला गेला. चहापत्ती कुठं असते हे विचारायला दोनदा बाहेर आला, ते सोडा.

बुधवारी संध्याकाळी हळद लागली. मांडवात बायकांचा गलका, रणधीर पाटावर पिवळाधमक. रणधीरच्या आत्यानं, दैवशालानं, हाक मारली, "दादा, सुरी आणा! लिंबू खोचायचंय! तुमच्या राणीचं लई ऐकलंय बाबा, बघू द्या एकदाची!"

बलभीम आत गेला. कपाटाकडं न जाता स्वैपाकघरात गेला.

"अगं," तो म्हणाला, आणि पुढचे शब्द त्याला जड गेले, कारण असं मागायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. "तुझा त्यो चाकू... आजच्या दिस देतीस का?"

कमलबाईनं त्याच्याकडं बघितलं. कनवटीतून चाकू काढला आणि ओट्यावर ठेवला. हातात दिला नाही. सुरी हातात दिली की भांडण लागतं, ही रीत. त्यानं तो उचलला.

मांडवात हशा पिकला. चाकू एवढासा, त्याच्यावर लिंबू, म्हणजे चाकू दिसतच नव्हता. नवरदेवानं नुसतं लिंबूच धरलंय असं वाटत होतं. लोहाऱ्याच्या पाहुण्यांतला एक म्हातारा म्हणाला, "कंडक्टर, तुमच्याकडं म्हणं सुऱ्यांचं कपाट हाय. आन् पोराच्या हातात हे?"

"ह्यो वापरातला हाय," बलभीम म्हणाला. मिशीवरून हात फिरवला नाही त्यानं.

गुरुवारी लग्न लागलं. शुक्रवारी सूनबाई घरात, पाहुणे पांगले. रणधीरनं चाकू बापाला परत दिला. बलभीमनं कपाट उघडलं, एक नंबरची रिकामी खाच कापसानं पुसली आणि कपाट बंद करून स्वैपाकघरात गेला. ओट्यावर चाकू ठेवायला वाकला.

"ठेवता कशाला? हातातच द्या," कमलबाई म्हणाली. "भांडायचं त्ये भांडून झालं."

त्यानं तिच्या हातात दिला. तिनं तो कनवटीला लावला, मग खिडकीतलं करवतीचं पान घेतलं, चिंधी झटकली आणि त्याच्या हातात ठेवलं.

"हे घ्या. एक नंबरची जागा मोकळी हाय ना? ह्येच ठेवा तिथं. तुमाला दाखवायपुरता चेंदा केला, त्यो सोडला तर घरात कधीच वापरल्यालं न्हाय, असं ह्ये एकच हाय."

यंदा खंडेनवमीला तात्याराव गुरुजी शेजारधर्म म्हणून चहाला आले होते. बलभीम पाटावर बसून एकेक नग पुसत होता. एक नंबर आला तेव्हा त्यानं करवतीच्या त्या गंजक्या पानाला जपून तेल लावलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि गुरुजींचा हात पुढं येताना बघून म्हणाला, "हां हां गुरुजी, बोट लावू नगा. घामानं गंज चढतो."